उचलता की वळसा घालता?

जव्हारच्या कचेरीत कोणी घर विकायला आला की आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घर सारवतं कोण?"

माणूस बिचारा चतुःसीमा पाठ करून आलेला असायचा. पूर्वेस अमक्याचा गोठा, पश्चिमेस दरबारी रस्ता, उत्तरेस ओहोळ. सारवणाचा प्रश्न आला की त्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. तो चाचरत म्हणायचा, "बायको सारवते. का बरं?"

"मग तिला घेऊन या. नाहीतर मीच येतो." आणि टोपी डोक्यावर चढवून आप्पा खरंच निघायचे.

संस्थानी अंमल होता. कचेरीत खरेदीविक्रीचे दस्त नोंदवायचं काम आप्पांकडे होतं आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी नकला करत असे. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. तोंडावर सगळे आप्पा म्हणत, पाठीमागे सारवणराव. हे नाव पाडण्यात माझाही थोडा हात होता, तो आता लपवून काय करायचं?

आप्पांचं म्हणणं साधं होतं. घर विकलं यावरून कधी भांडण होत नाही. घराबरोबर काय काय विकलं यावरून होतं. विकणारा जाताना फडताळ काढून नेतो, खुंट्या उपटतो, एकाने तर परसातली दगडी पायरी गाडीत घातली होती. घेणारा कुलूप उघडतो तेव्हा भिंतींना नुसती भोकं. मग दोघं कचेरीत येऊन एकमेकांचा उद्धार करतात. यावर इतर दस्तलेखकांकडे तयार औषध असे: "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह." हे वाक्य मी इतक्या झोकात लिहीत असे की शेवटच्या अक्षराची वेलांटी पुढच्या ओळीपर्यंत जाई.

आप्पा ते वाचून म्हणत, "कारकून, पुरलेलं सोनं या गावात आजवर कोणाच्या घरी निघालंय? निक्षेप राहू द्या. खुंटी लिहा."

काय घराचं आणि काय माणसाचं, हे ठरवायची त्यांची कसोटी मी अजून कोणत्या कायद्याच्या पुस्तकात पाहिलेली नाही. राजवाडा सोडला तर गावात सगळ्यांच्या जमिनी शेणामातीच्या. आप्पा घरात जाऊन उकिडवे बसत आणि बाईला एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारत, "सारवताना ही उचलता की वळसा घालता?" उचलते म्हणाली तर वस्तू माणसाची, त्याने न्यावी. वळसा घालते म्हणाली तर वस्तू घराची, तिथेच राहील. रिकामी कणगी उचलतात. जमिनीत पुरलेल्या उखळाला वळसा घालतात. नवरा मध्ये बोलला तर आप्पा त्याच्याकडे न बघता म्हणत, "तुम्ही कधी सारवलंय? नाही ना? मग उगी राहा."

एका व्यापाऱ्याच्या झोपाळ्यावरून मोठा गहजब झाला होता. पितळी साखळ्या, शिसवी पाट, असा तो झोपाळा. विकणारा म्हणे माझा, घेणारा म्हणे तुळईला टांगलाय म्हणजे घराचा. आप्पांनी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "पाट काढून ठेवते, साखळ्या वर अडकवते." झालं, झोपाळा विकणाऱ्याचा. पण तुळईतल्या कड्या कोण काढतंय? त्या घराच्या. घेणाऱ्याने मग त्या कड्यांना बरीच वर्षं काकड्या आणि भोपळे टांगले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आप्पांच्या नावाने बोटं मोडून दाखवली.

जात्याने मात्र त्यांना तीन दिवस छळलं. एक बाई म्हणाली, "जातं उचलवत नाही हो, जड आहे. वळसाही घालत नाही. सरकवते." आप्पांनी दस्त बाजूला ठेवला. तीन दिवस जेवताखाता ते 'सरकवते, सरकवते' असं पुटपुटत होते. चौथ्या दिवशी येऊन त्यांनी दस्तात लिहिलं, 'जातें बाईचें.' विकणाऱ्याचं नाही आणि घेणाऱ्याचंही नाही. जे बाई कंबर मोडून सरकवते ते तिचं, ती जाईल तिथे जाईल. त्या बाईचा नवरा जुगारात सगळं घालवून बसला होता, तेव्हा त्या घरातून तिच्या स्वतःच्या नावाने बाहेर पडलेली वस्तू ती तेवढीच.

ही कसोटी त्यांना सुचली कुठून, हे मला फार उशिरा कळलं. बायको वारल्यावर आप्पा स्वतः घर सारवत. दर शनिवारी धोतर खोचून, शेणाची पाटी घेऊन. पुरुषमाणूस सारवतो म्हणून गल्लीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसत. सारवण चांगलं जमत होतं असंही नाही. बोटांचे वळ जाडेभरडे उठत. पण सारवता सारवता त्यांना घर कळलं, एवढं खरं. आम्ही बाकीचे घरात नुसते राहत होतो.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

गावाच्या कडेला लखूचं घर होतं. लखू दरबारच्या पागेत गवत पुरवायचा. साखरशेतला त्याचा भाऊ वारला, तिकडची नागली-भाताची शेती बघायला कोणी उरलं नाही, म्हणून त्याने म्हाताऱ्या आईला घेऊन तिथेच राहायला जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. कुडाच्या भिंती, वर कौलं, मध्ये सागाचा काळाभोर खांब. मी बायको आणि दोन मुली घेऊन भाड्याच्या दीड खणात राहत होतो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नेमके त्याच आठवड्यात आप्पा तापाने अंथरुणाला खिळले आणि नोंदणीचं काम चार दिवस माझ्याकडे आलं. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. म्हातारा उठला की लखूच्या डोसीला, त्या म्हातारीला, सारवणाचे प्रश्न विचारत बसेल, महिना जाईल. मी स्वतःच खरेदीखत लिहिलं, 'खांब, तुळया, जल, तरु, तृण, काष्ठ' सगळं सगळं घातलं, लखूला वाचून दाखवलं. त्याने मान डोलावून अंगठा उठवला. स्वतःच्या दस्ताची नोंद स्वतः करताना मला लाजसुद्धा वाटली नाही.

ताब्याच्या दिवशी बैलगाडीत सामान आणि माणसं घालून आम्ही गेलो. दारात पाण्याचा हंडा भरून ठेवलेला. जमीन ताजी सारवलेली. लखूने घर अगदी लेकीला द्यावं तसं दिलं होतं. पण मधला खांब नव्हता. त्याच्या जागी दोन जाड बांबू एकत्र बांधून तुळईला टेकू दिला होता. टेकू चांगला मजबूत होता, पण आढं बोटभर खाली आलेलं स्पष्ट दिसत होतं.

बायकोने उंबऱ्यातूनच आत पाहिलं. "अहो, हे घर लंगडं आहे," ती म्हणाली आणि मुलींना घेऊन परत गाडीत जाऊन बसली. लंगड्या घरात मी पाऊल टाकणार नाही, मुलींनाही टाकू देणार नाही, असं तिने गाडीतूनच सांगितलं.

माझं डोकं फिरलं. मी तडक कचेरी गाठली आणि चोरीची फिर्याद लिहायला बसलो. लखूला तुरुंगाची हवा खायला लावतो की नाही बघाच, असं मी चारचौघांत म्हणालो. आप्पा त्याच दिवशी कामावर आले होते, गालफडं बसलेली, गळ्याला फडकं गुंडाळलेलं. त्यांनी माझी फिर्याद वाचली. मग माझं खरेदीखत काढून वाचलं. नोंद कोणी केली तेही पाहिलं. मला वाटलं आता तोफ डागतील.

ते एवढंच म्हणाले, "घर सारवत कोण होतं?"

"त्याची म्हातारी आई."

"विचारलंत?"

"आप्पा, खांब आहे तो! खांबाबद्दल काय विचारायचं? दस्तात लिहिलाय. कायदा माझ्या बाजूने आहे."

"आहे ना. तो कुठे पळून जातोय? उद्या साखरशेतला जाऊन येऊ. फिर्याद परवा द्या."

तापातून उठलेला माणूस, पण चालताना माझ्यापुढे होता. आम्ही सकाळी निघालो ते ऊन चढता चढता पोचलो. दिवाळी नुकतीच झाली होती, खळ्यांवर नागली पडली होती. लखूच्या नव्या घराला अजून भिंती नव्हत्या, छपरावर गवतही नव्हतं. उघड्या जागेवर चार कोपऱ्यांना चार नवे खांब, आणि मध्ये माझा खांब. त्याच्या वरच्या अंगाला नागलीची ताजी कणसं बांधलेली. भोवतालची हातभर जमीन तेवढी सारवलेली होती, बाकी सगळी ढेकळं.

कचेरीच्या दोन टोप्या बघून लखूचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, टेकू पडला काय? मी पक्का बांधला होता."

"टेकू गेला खड्ड्यात! माझा खांब उपटून आणलास तू!" मी ओरडलो.

तो खरोखर गोंधळला. "खांब कंचा? ही तं मेढ."

मग हळूहळू उलगडा झाला. ही मेढ, म्हणजे घराचा पिढीजात मधला खांब, मुळात पोशेरा गावची. लखूच्या आज्याने तिकडून निघताना खांद्यावरून जव्हारला आणली. घर बदललं, भिंती बदलल्या, मेढ तीच. नव्या नागलीचं पहिलं कणीस तिला बांधायचं, मगच घरात खायचं. लखूने घर विकलं होतं. मेढ विकतात हे त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या त्या संस्कृत यादीतलं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं, आणि ते कळू नये अशाच थाटात मी ती वाचली होती.

आप्पा म्हातारीसमोर उकिडवे बसले. ती आमच्याकडे बघतही नव्हती, सुपातली नागली पाखडत होती.

"बाय, एक सांग. सारवताना या मेढीला तू वळसा घालायचीस ना?"

मला आतून गुदगुल्या झाल्या. आप्पांच्या कसोटीनेच ते फसणार होते. खांब काही कोणी उचलत नाही. उचलत नाही म्हणजे वळसा, वळसा म्हणजे घराचा, आणि घर माझं.

म्हातारी सूप थांबवून हसली. तोंडात दोनतीनच दात होते. "वळसा? नाय रं दादा. पयला हात मेढीला. तिथून सारवत सारवत भायेर येयाचा. मेढीला वळसा कोन घालल? घरच तिला वळसा घालतं."

ती पुन्हा पाखडायला लागली. आप्पा मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं मी बायकांना विचारतोय. सुरुवात कुठून करता, हे एकीलाही विचारलं नाही."

"पण आप्पा, तुमची कसोटी..."

"कसोटीने खांब तुमचा आहे, कारकून. दस्ताने तर आहेच. मी नाही म्हणत नाही. उपटा आणि न्या." आणि ते बाजूला जाऊन दगडावर बसले.

लखूने आमचं बोलणं ऐकलं होतं. तो कोपऱ्यातली कुदळ उचलून मेढीपाशी आला. "कागदावर माझा अंगठा आहे, साहेब. तुमी नका हात लावू, मी काढून देतो." म्हातारी सूप खाली ठेवून उठली आणि खळ्याच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी मेढीला हात लावला होता. बुडाशी ओल्या सारवणात म्हातारीच्या बोटांचे वळ होते, मेढीपासून निघून बाहेर पसरलेले. ते मोडल्याशिवाय कुदळ चालणार नव्हती. मला एकाएकी माझीच इतकी शरम वाटली की वर बघवेना. लखूने कुदळ उगारली.

"राहू दे," मी म्हणालो. "राहू दे रे बाबा. तुझीच आहे."

म्हातारीने आम्हाला नागलीची भाकर आणि चटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या वाटेवर मला मात्र बायकोला काय सांगायचं याचा घोर लागला होता. माझं मोठं मन पाहून आढं काही वर जाणार नव्हतं.

दोन दिवसांनी मी कचेरीत असताना थोरली मुलगी निरोप घेऊन आली, बाबा, नव्या घरी सुतार आलेत. जाऊन बघतो तर मध्ये सागाचा पोसलेला खांब उभा राहत होता आणि आप्पा छत्रीची काठी धरून तो सरळ आहे का ते बघत होते. मी त्या खांबाकडे नीट पाहिलं. शेंड्याला कोरलेलं कमळ ओळखीचं वाटलं. मी तसाच त्यांच्या घराकडे धावलो. त्यांच्या पडवीचा मधला खांब नाहीसा झाला होता आणि तिथे जांभळाचं एक वाकडंतिकडं खोड पडवी सावरून उभं होतं.

"आप्पा, हे काय केलंत? चूक माझी होती!"

"नोंदणी माझ्या टेबलाची. ताप काय टेबलाला आला होता?" ते म्हणाले. "आणि माझ्या पडवीत बसतं कोण? मी एकटा. मला वाकडा खांब पुरतो. तुमच्या घरी लेकरं आहेत."

फिर्यादीचा कागद मी फाडून टाकला. आप्पांच्या प्रश्नांत त्या दिवसापासून एकाची भर पडली: "सारवायला सुरुवात कुठून करता?" बायका यावर फार विचार करून उत्तर देत. कोणी देव्हाऱ्यापासून म्हणे, कोणी चुलीपासून. एकीने सांगितलं, सासू बसते त्या कोपऱ्यापासून, म्हणजे तिला आधी उठावं लागतं. आप्पा ते सगळं लिहून घेत.

त्यानंतर दर दिवाळीच्या पाडव्याला आप्पा आमच्याकडे यायचे. फराळाचं ताट समोर आलं तरी यांची नजर खांबाच्या बुडाशी. मी मनातल्या मनात खजील व्हायचो. म्हाताऱ्याचा जीव खांबात अडकलाय, असं मला वाटायचं. दोनतीनदा म्हणालोही, "आप्पा, दुसरा खांब बघतो, तुमचा परत देतो." ते म्हणायचे, "बघू." आणि चकलीचा तुकडा मोडायचे. माझ्याकडे पैसा जमत नव्हता, सागाचं लाकूड स्वस्त नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो खांब आम्हाला हवाहवासा झाला होता. वर्षं गेली. त्यांचं देणं डोक्यावर घेऊनच मी त्यांना खांदा दिला.

त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. काही दिवसांनी नाशिकहून त्यांचा भाचा घर विकायला आला. माणूस व्यवहारी होता. पडवीत उभं राहून त्याने त्या जांभळाच्या खोडाकडे बोट दाखवलं. "इथला मूळ खांब कुठे गेला? मामींच्या वेळचा कोरीव होता. घेणारा विचारतोय."

तो खांब माझ्या घरात उभा होता. तो आता त्याचा होता, मागितला तर देणं भाग होतं. माझं आढं, माझं घर, सगळं डोळ्यांपुढे हललं. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "मामांनी घराची याद करून ठेवलीय. तुम्हीच वाचा, त्यांचं अक्षर मला लागत नाही."

मी वाचू लागलो. दारं चार, घराची. उखळ, घराचं. खुंट्या अकरा, घराच्या, एक सैल आहे. पडवीचा खांब जांभळाचा, वाकडा, घराचा. आणि सगळ्यात शेवटी, थरथरत्या अक्षरात:

'पडवीचा पूर्वीचा सागाचा खांब कारकुनांच्या घरीं आहे. दर पाडव्यास जाऊन जमिनीवरील बोटें पाहत आलों. पहिलीं तीन वर्षें वळसा घालीत होते. तोंपर्यंत खांब माझा होता. चवथ्या वर्षापासून सारवण खांबापासून निघतें. खांब त्यांचा. कोणीं मागूं नये.'

खांब माझ्या घरी आहे आणि मामांनी तो मला दिलाय, एवढंच मी भाच्याला सांगितलं. कागद त्याच्या हातात दिला आणि घरी निघालो. चौथं वर्ष. त्या वर्षी नव्या घरात जन्मलेला आमचा धाकटा त्या खांबाला धरून उभा राहायला शिकला होता.

दार उघडं होतं. बायको आत सारवत होती. मी बाहेरूनच विचारलं, "अगं, तू सुरुवात कुठून करतेस?"

"कुठून म्हणजे? खांबापासून," ती मान वर न करता म्हणाली. ती सारवत सारवत उंबऱ्यापर्यंत आली होती आणि आत पाय ठेवायला कुठेच जागा नव्हती. "थांबा तिथेच, वाळू दे," ती म्हणाली. मी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं.